मैलांचा मालक कोण?

गेल्या महिन्यांत एका विद्वान् स्नेह्यांनीं आपल्या विमानप्रवासांवरील एक प्रदीर्घ तौलनिक लेख मला वाचावयास पाठविला. कोणत्या कंपनीचें आसन किती मागें कलतें, कोणाची कॉफी चिनी मातीच्या पेल्यांत येते व कोणाची कागदाच्या, कोणत्या विमानतळावरील लाउंजांत उपमा ऊन असतो, ह्या सर्वांना दहापैकीं गुण दिलेले होते. निरीक्षण बारीक, भाषा सफाईदार. तरीहि लेख खालीं ठेवतांना मन अस्वस्थ झालें, व त्याचें कारण शोधतांना माझीच एक जुनी लबाडी हातीं लागली.

प्रस्तुत लेखक वैराग्याचा आव आणीत नाहीं. आरमोरीहून विमान गांठावयाचें म्हणजे पहांटेची एस्. टी. धरावयाची, वैनगंगा ओलांडावयाची आणि ब्रह्मपुरी, नागभीड, भिवापूर, उमरेड करीत हाडें खिळखिळीं झाल्यावर नागपूर पहावयाचें. इतक्या खटाटोपानंतर कोणी हंसतमुखानें चहा पुढें केला तर तो कोणाला नको असेल? मलाहि हवाच असतो. विस्तारा कंपनी २०१५ मध्यें सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां ‘आतां तसें जेवण मिळणार नाहीं’ म्हणून हळहळणाऱ्यांत मीहि होतों. २००६ पासून सर्वांना एकाच पंक्तीस बसविणाऱ्या इंडिगोनेंहि त्याच महिन्यांत उंची आसनें मांडलीं. पंक्तिभेद आपल्या रक्तांतच आहे, तो विमानांत शिरला ह्यांत नवल तें काय!

पण गुण द्यावयाचे ते निदान योग्य गोष्टीला द्यावेत. विमानांतील सेवकवर्ग चहा वाटण्याकरितां नेमलेला असतो, हा आपला सोयीचा गैरसमज आहे. मोठ्या उतारू-विमानाला मान्यता मिळण्यापूर्वीं, निम्मीं दारें बंद आहेत असें धरून, भरलेलें विमान नव्वद सेकंदांत रिकामें करतां येतें हें सिद्ध करावें लागतें. प्रत्यक्ष प्रसंगीं तें काम ह्याच मंडळींना करावयाचें असतें. ५ सप्टेंबर १९८६ रोजीं कराचीच्या विमानतळावर पॅन ॲमचें विमान दहशतवाद्यांनीं बळकाविलें. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर आलेल्या नीरजा भनोट हिनें उतारूंना वाचवितांना त्या विमानांत प्राण दिला. पुढें तिला मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. त्याच पेशांतील मुलीच्या स्मितहास्याला ‘दहापैकीं साडेसहा’ देण्याचें धाडस, पंचवीसांवर वर्षें उत्तरपत्रिका तपासूनहि, मला झालें नसतें.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. १९४६ मध्यें बॉबी कूका व चित्रकार उमेश राव यांनीं एअर इंडियाचा तो सुप्रसिद्ध महाराजा निर्माण केला. तो कमरेंत वांकून स्वागत करतो, म्हणजे तो यजमान आहे. आमच्या सुशिक्षित वर्गानें मात्र त्या चित्रांत आपलेंच प्रतिबिंब पाहिलें!

आतां मुख्य मुद्दा. स्नेह्यांच्या लेखांत सर्वांत अधिक जागा ‘मैलां’नीं व्यापली होती. ही युक्ति मूळची अमेरिकेची. १९८१ मध्यें अमेरिकन एअरलाइन्सनें ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली आणि मग जगभर तिचें अनुकरण झालें. जितका प्रवास अधिक तितके मैल खात्यावर जमा. मैल सांचले कीं फुकट तिकीट, वरच्या वर्गाचें आसन, लाउंजचा प्रवेश. अलीकडे तर पुष्कळ कंपन्या अंतराऐवजीं भरलेल्या भाड्यावर हे गुण मोजतात. म्हणजे तिकीट जितकें महाग तितका प्रसाद मोठा. स्वतःच्या पैशानें प्रवास करणाराला ह्यांत आक्षेपार्ह कांहीं नाहीं. पण वारंवार विमानानें हिंडणारांपैकीं स्वतःच्या पैशानें हिंडणारे किती? तिकीट घेते कचेरी, कॉलेज किंवा सरकार. कंपनी निवडतो आपण. आणि बक्षीस जातें निवडणाराच्या खिशांत. घरचा मुलगा वाण्याकडे धाडला असतां वाणी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, तो मुलाच्या प्रेमानें नव्हे. उद्यां त्यानें दुसऱ्या दुकानाची पायरी चढूं नये म्हणून.

मीं हा गूळ खाल्लेला आहे. कांहीं वर्षांपूर्वीं समित्यांच्या कामानिमित्त नागपूर-दिल्ली अशा माझ्या बऱ्याच खेपा झाल्या. एकदां दोन विमानें होतीं. स्वस्त होतें त्यांत माझे मैल वाढत नव्हते. मीं महागाचें घेतलें आणि देयकावर ‘वेळेची सोय’ असें लिहिलें. तो पैसा ज्या गंगाजळींतून आला तींत आमच्याकडील मुलामुलींची परीक्षा-फीहि होती. ह्यांतील कित्येकांच्या घरीं ती फी धान विकल्यावांचून उभी राहत नाहीं. पुढें त्याच मैलांवर आम्ही उभयतां गोव्यास जावयाचें ठरविलें, तेव्हां सौभाग्यवतींनीं सहज विचारलें, “अहो, तिकिटें तर कॉलेजनें काढलीं होतीं ना? मग हे मैल आपले कसे?” मीं कांहींतरी इंग्रजी शब्द फेंकून वेळ मारून नेली. गोव्याला गेलों.

कोणी म्हणेल, मैल कंपनी देते, संस्थेचें ह्यांत काय जातें? जातें तें असें: बक्षिसाचा खर्च अखेर कोणाच्या तरी भाड्यांतूनच निघतो, आणि त्याहून अधिक म्हणजे, काटकसरीनें निवड करण्याची आपली बुद्धि जाते. हा माझ्याच मनाचा कोमलपणा नव्हे. केंद्र सरकारच्या वित्त मंत्रालयानें १३ जुलै २०१७ च्या प्रवासभत्त्याच्या आदेशांत स्पष्ट घातलें आहे कीं सरकारी प्रवासांत मिळालेले मैल खात्याच्या पुढील प्रवासालाच वापरावेत, खासगी प्रवासाला वापरल्यास खातेनिहाय कारवाई होईल. कारकुनाला जें कळतें तें प्राध्यापकाला कळूं नये काय?

त्या गोव्याच्या तिकिटांची किंमत हिशेब करून मीं परवां कॉलेजच्या कार्यालयांत भरावयास नेली. लेखनिक बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले व म्हणाले, “सर, पैसे घेईन, पण दाखवूं कोणत्या शीर्षाखालीं?” तसें शीर्ष खरोखरच नव्हतें. अखेर ग्रंथालयास देणगी म्हणून पावती फाटली. म्हणजे माझी परतफेड कागदोपत्रीं औदार्य ठरली, ही आणखी एक फजिती.

म्हणून सूचना एवढीच. प्रत्येक संस्थेच्या प्रवासदेयकावर ‘मिळालेले मैल’ असा एक रकाना असावा, व ते पुढील खेपेच्या तिकिटांत वळते करून घ्यावेत. आणि माझ्या स्नेह्यांनीं लेख छापावयास देण्यापूर्वीं त्यांच्या सुरेख कोष्टकांत आसन, कॉफी व उपम्याच्या शेजारीं आणखी एक रकाना आंखावा : तिकिटाचे पैसे कोणीं दिले?