गुडघ्यापर्यंतचं लुगडं

सरत्या वर्षाने बोलायला पुष्कळ दिलं. शाळेत पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा निर्णय जूनअखेर राज्य सरकारला मागे घ्यावा लागला, सप्टेंबरच्या पुराने मराठवाड्यातली उभी पिकं नेली. दोन्हींवर या अंकात स्वतंत्र लेख आहेत. आम्हाला मात्र वर्षभर सलत राहिली ती जानेवारी 2025 मधली एक बातमी. तोकडे, फाटके, अंग दिसेल असे कपडे घातलेल्यांना प्रवेश नाही, पोशाख शक्यतो भारतीय असावा, असं मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिर न्यासाने जाहीर केलं. मे 2023 मध्ये तुळजापूरलाही असा फलक लागला होता आणि टीका होताच उतरवावा लागला होता. त्याच महिन्यात नागपुरातल्या काही देवळांनी नियम केले. प्रत्येक वेळी वाद रंगला तो जीन्स आणि बर्म्युडावर. भारतीय पोशाख म्हणजे नेमका कुणाचा, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

डहाणू-जव्हारकडची वारली बाई लुगडं नेसते ते गुडघ्यापर्यंत, आवळून. चिखलात वाकून भात लावायचा आणि डोक्यावर मोळी घेऊन डोंगर उतरायचा, तर पायात घोळणारा काठ चालत नाही. या नेसण्यात असभ्य काही नाही आणि परकं तर मुळीच नाही. तरीही ‘तोकडे कपडे’ हे शब्द वाचून दारावरचा रखवालदार तिला अडवू शकतो, आणि त्याने अडवलं तर फलक त्याच्याच बाजूने उभा राहील. संस्कृती राखण्यासाठी केलेल्या नियमात इथल्या सर्वांत जुन्या रहिवाशांचं नेसणं बसत नसेल, तर त्या नियमाची संस्कृतीची कल्पनाच अपुरी आहे.

धर्मसत्तेने कपड्यांत हात घातला की त्यामागे भक्तीपेक्षा हुकमत असते, याला इतिहासाचा आधार आहे. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये फर्मान काढलं: ख्रिस्ती झालेल्या पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. दारातली तुळससुद्धा त्याच फर्मानाने वर्ज्य ठरवली. त्रावणकोरात उलटा खेळ होता. तिथे खालच्या मानलेल्या नाडर जातीच्या बायकांनी छाती झाकली म्हणून त्यांना मारहाण झाली, आणि 1859 च्या जाहीरनाम्याने मुभा दिली तीही वरच्या जातींच्या बायकांसारखं नेसायचं नाही या अटीवर. एकीकडे अंगावरचं उतरवायला लावलं, दुसरीकडे घालू दिलं नाही. दोन्हीकडे ठरवणारा वेगळा आणि सोसणारा वेगळा. गोव्यात मात्र गावडा-कुणबी बायकांनी खांद्यावर गाठ मारलेलं आपलं लाल चौकड्यांचं कापड सोडलं नाही. इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचं बंद झालं, ते कापड आजही ओळखू येतं.

यावर कुणी म्हणेल, देवळाला मर्यादा नकोच का? हवी. गुरुद्वारात डोकं झाकतात, देवळाबाहेर चपला काढतात. ते कुठल्याही वेशातल्या माणसाला जमतं. त्यासाठी आपल्या माणसांसारखं दिसणं सोडावं लागत नाही. दुसरा आक्षेप असा, की आदिवासींना कोण अडवतंय, फलक पर्यटकांसाठी आहेत. असतील. पण हुज्जत घालायचं बळ पर्यटकाकडे असतं. जिच्याकडे ते नाही, ती घरातून निघतानाच पाचवारी गुंडाळते किंवा येतच नाही, आणि तिची नोंद कुठल्याही न्यासाच्या वहीत होत नाही.

मग करायचं काय? आम्ही सुचवतो तो मार्ग शांततेचा, आणि सर्वांत वजनदार आक्षेप आहे त्यावरच. दलितांना प्रवेश मिळावा म्हणून नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, काही वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. शेवटी खुद्द आंबेडकरांनी तो थांबवला. मग आज हात जोडून काय मिळणार? फरक असा, की त्या सत्याग्रहींच्या पाठीशी कायदा नव्हता, आज आहे. संविधान आहे, मंदिरप्रवेशाचा 1956 चा कायदा आहे. 2016 मध्ये शनिशिंगणापूरच्या महिला-प्रवेशाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने त्याच कायद्याकडे बोट दाखवलं. म्हणून रखवालदाराशी झोंबण्याची किंवा फलक फोडण्याची गरज नाही. तसं केलं की दुसऱ्या दिवशी बातमी फुटलेल्या फलकाची होते, लुगड्याची नाही. आपल्या वेशात, दहा-वीस जणींनी मिळून रांगेत उभं राहावं. अडवलं तर नियम लेखी मागावा, विश्वस्तांची सही घ्यावी आणि तो कागद धर्मादाय आयुक्तांपुढे ठेवावा. मागे उभ्या असलेल्या सहावारीतल्या बाईने ‘यांना सोडल्याशिवाय मीही आत जाणार नाही’ एवढं म्हटलं, तर रांग तिथेच थांबेल.

यंदाच्या अंकाला ‘वस्त्र’ हा विषय दिला तो दिवाळी नव्या कपड्यांचा सण म्हणून. पैठणी, हिमरू, इचलकरंजीचे माग, सगळं आत आहे. न्यासांकडे मागणी मात्र एकच: फलक ठेवायचाच असेल तर त्यावर ‘कोणत्याही समाजाचा पारंपरिक वेश ग्राह्य आहे’ ही ओळ घाला, आणि ती रखवालदाराला वाचून दाखवा.