चोखोबांचा इतिहास कोणी शिकावा?

पंढरपुरी महाद्वारात नामदेवांच्या पायरीवर मस्तक टेकणारा वारकरी समोरच्या चोखोबांच्या समाधीलाही हात जोडतो. ती समाधी मंदिराबाहेर का, हा प्रश्न मात्र आपल्या सुशिक्षित घरांतून सहसा विचारला जात नाही. आणि कोणी विचारलाच, तर 'त्या काळची रूढी' एवढ्यावर तो मिटविला जातो.

'त्या काळची' म्हणजे केव्हाची? मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखोबांचा अंत झाला, तो १३३८ साली. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींना प्राण पणास लावावे लागले, ते १९४७ च्या मे महिन्यात. मधल्या ६०० वर्षांत चोखोबांचे अभंग वारीत गायिले जात होते आणि त्यांचे जातभाई दाराबाहेर उभे होते. नाशकास तर काळाराम मंदिरासाठी १९३० साली सुरू झालेला सत्याग्रह वर्षानुवर्षे चालूनही दार उघडले नाही.

हा इतिहास शिकावयाचा कोणी? ज्यांच्या आज्यापणज्यांनी तो सोसला, त्यांना तो शिकवावा लागत नाही. तरीही सभासंमेलनांत त्यांनाच उभे करून 'तुमचे अनुभव सांगा' म्हणण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. ऐकून हळहळले की श्रोत्यांचे काम संपले! आम्हांस हे मान्य नाही. ज्ञानोबा-तुकोबांना जो 'आमचे' म्हणतो, त्याने दार लावून बसलेल्यांनाही 'आमचेच' म्हटले पाहिजे. बापाचे ऋण मुलाने फेडावे, हा तर आपल्याच धर्मशास्त्राचा दंडक. यात धर्मनिंदा होते, अशी ओरड होईल. पण साने गुरुजींना उपोषणासाठी जागा मिळाली ती पंढरपुरातल्याच तनपुरे महाराजांच्या मठात, हे ओरडणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

हे काम शाळांचे आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांस आमचाच अनुभव सांगतो. वृत्तपत्रात येण्यापूर्वी आम्ही शिक्षक होतो. संतांवरील धडा चालू असता एका मुलाने विचारले, "चोखोबांना आत का घेतले नाही?" आम्ही तेच रूढीचे उत्तर दिले. "मग त्यांच्या माणसांना आत केव्हा घेतले?" हा त्याचा पुढचा प्रश्न. तास संपत आला होता. उद्या सांगतो, असे आम्ही म्हणालो. आणि दुसऱ्या दिवशी व्याकरण घेतले.