कयफाचा हिशेब

२०२३ सालच्या २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आमच्या धर्मग्रामातील मिस्साबलीच्या वेळी मी एक प्रार्थना जास्तीची केली. त्याआधी पाच दिवसांपूर्वी, २८ ऑक्टोबर रोजी, कझाकस्तानातील कारागांडा शहराच्या कोस्तेन्को नावाच्या कोळसा-खाणीत मिथेन वायूचा स्फोट झाला होता. अडीचशेहून अधिक माणसे त्या वेळी भूमीच्या पोटात होती. मृतांचा आकडा अखेर ४६ वर जाऊन थांबला. त्या खाणकामगारांच्या आत्म्यांना शांती लाभो, एवढीच ती प्रार्थना.

मिस्सा संपल्यावर एका गृहस्थांनी मला गाठले. गृहस्थ सुशिक्षित, धर्मकार्यात अग्रेसर. त्यांचा एक आप्त त्याच शहरात वैद्यकीय शिक्षण घेत आहे (आपल्याकडची पुष्कळ मुले हल्ली तेथे शिकतात), म्हणून ते अधिक काही विचारतील असे मला वाटले. आप्त सुखरूप असल्याचे कळताच त्यांची चौकशी संपली होती. ते म्हणाले, "फादर, कुठले कोण ते! आपल्या मृतांमध्ये त्यांना कशाला? आणि खाण म्हटली की हे चालायचेच. प्रगती हवी तर किंमत मोजावी लागते."

वाचकहो, या शेवटच्या वाक्याशी माझे भांडण आहे. 'किंमत मोजावी लागते' असे म्हणताना आपण एक शब्द नेहमी गाळतो. कोणाला? तेवढा शब्द वाक्यात घालून पाहा, म्हणजे बोलणाऱ्याची जीभ अडखळेल. कारागांडाच्या इतिहासात तो कोणी कोणी भरला आहे, ते पाहण्यासारखे आहे.

'कारागाना' नावाच्या काटेरी झुडुपावरून या शहराला नाव मिळाले. मैलोगणती गवत, झाड म्हणावे असे काही नाही, हिवाळ्यात रक्त गोठवणारे वारे, अशा त्या मैदानात कझाक पशुपालकांचे कळप हिंडत. १८३३ साली अप्पाक बायझानोव नावाच्या मेंढपाळ पोराला तेथे प्रथम कोळसा सापडला अशी कथा सांगतात. शहर मात्र उभे राहिले ते १९३० नंतर, सोव्हिएत राजवटीच्या हुकमाने. रशियातून व युक्रेनमधून 'कुलक' ठरवलेली शेतकरी कुटुंबे गाड्यांत कोंबून आणली आणि उघड्या माळावर उतरवून दिली. त्यांनी जमिनीत खड्डे खणून त्यांत पहिले हिवाळे काढले, ज्यांना काढता आले त्यांनी. त्याच वर्षांत सक्तीच्या सामुदायिकीकरणाने कझाकांचे कळप नष्ट झाले आणि दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसे मेली. १९३४ साली कारागांडाला शहराचा दर्जा मिळाला, तो या पायावर.

शेजारीच, दोलिन्का गावी मुख्य कचेरी असलेली 'कारलाग' ही प्रचंड बंदी-छावणी होती. तिचे एक काम कोळशाच्या शहराला धान्य व मांस पुरवणे हे होते. म्हणजे बंद्यांनी शेती करायची आणि हद्दपारांनी कोळसा काढायचा. १९३६ साली युक्रेनच्या सीमेवरील पोलिश लोक कझाकस्तानात आले, १९४१ साली व्होल्गाकाठचे जर्मन आले. 'आले' हा शब्द मी सवयीने लिहून गेलो. आणले गेले. युद्धात दोन्बासच्या खाणी शत्रूच्या हाती पडल्यावर कारागांडाच्या कोळशाची निकड वाढली आणि या जर्मनांना 'श्रमसेने'त भरती करण्यात आले, स्त्रियांनासुद्धा.

त्या वेळच्या अधिकाऱ्यांना कोणी विचारले असते, तर त्यांनी आमच्या गृहस्थांचेच उत्तर दिले असते. हे उत्तर त्यांच्याही आधीचे आहे. सर्व लोकांचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे हिताचे, असा सल्ला यहुदी धर्मसभेत कयफाने दिला होता. कयफा काही दुष्ट म्हणून ख्यातनाम नव्हता. तो व्यवहारी होता, हिशेबी होता. त्याच्या हिशेबात मरणारा मात्र सदैव दुसराच असे.

"फादर, ती साम्यवादी राजवट होती, तिचे आता काय?" असे कोणी म्हणेल. मान्य. १९९१ साली ती गेली. १९९५ साली तेथील पोलाद कारखाना व पुढे खाणी भारतात जन्मलेल्या लक्ष्मी मित्तल यांच्या उद्योगसमूहाकडे गेल्या आणि आपल्याकडे त्याचा अभिमान वाटला. मलाही वाटला होता, ते लपवत नाही. त्यानंतर २००६ साली लेनिन खाणीत ४१ जण गेले, २००८ साली अबाई खाणीत ३०, आणि २०२३ साली कोस्तेन्कोत ४६. तीन स्फोट, ११७ माणसे. राष्ट्राध्यक्षांनी त्या कंपनीशी संबंध तोडले आणि २०२३ सालच्या अखेरीस मालकी बदलली. परंतु परकीय भांडवलदाराच्या माथी सारे मारून हात झटकणे मला सोपे वाटते. सरकारी मालकीच्या काळात तरी त्या मजुराला कोण पुसत होते? १९८९ साली सोव्हिएत कोळसा-प्रदेशांत संप पेटले, त्यांत कारागांडाही होते. आणि त्या संपांतील एक तक्रार अंग धुवायला साबण मिळत नाही, ही होती! कामगारांचे म्हणवणाऱ्या राज्यात!

स्फोट म्हणजे 'दैवी कोप' असेही एक जण म्हणाले. तेथील कोळशाच्या थरांत मिथेन ठासून भरलेला आहे, ही गोष्ट खाणीच्या पहिल्या पिढीपासून सर्वांना ठाऊक आहे. कोळसा फोडण्याआधी थरांत छिद्रे पाडून तो वायू ओढून काढायचा असतो, हवा खेळती ठेवायची असते, वायूचे प्रमाण वाढताच काम थांबवायचे असते. या सर्वांना वेळ लागतो, पैसा लागतो. तेवढा काळ कोळसा निघत नाही. देवाने यात कोणता कोप केला?

कयफाच्या उलट हिशेब मांडणारा एक धर्मगुरू याच शहरात होऊन गेला. फादर व्लादिस्लाव बुकोविन्स्की. पोलिश, क्राकूवला शिकलेले. तुरुंग आणि छावण्या मिळून तेरा वर्षांहून अधिक काळ त्यांनी काढला. त्यात जेझकाझगानच्या तांब्याच्या खाणीही होत्या. १९५४ साली कारागांडाला पाठवल्यावर ते दिवसा घराघरांतून गुप्तपणे संस्कार देत आणि रात्री पहारेकरी म्हणून काम करीत. १९५५ साली पोलंडला परतण्याची संधी आली. त्यांनी सोव्हिएत नागरिकत्व घेतले आणि तेथेच राहिले. पुन्हा अटक झाली, पुन्हा छावणी. १९७४ साली तेथेच देह ठेवला. २०१६ साली कारागांडातच त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले. धर्मगुरू नसत तेव्हा गर्ट्रूड डेट्झेल नावाची हद्दपार जर्मन अविवाहिता मुलांना बाप्तिस्मा देई, लोकांना प्रार्थनेसाठी एकत्र करी. मोजण्यासारखे या दोघांजवळ स्वतःखेरीज काही नव्हते आणि त्यांनी तेच मोजले.

"हे राजकारण झाले, वेदीवरून नको," ही आणखी एक सूचना माझ्यापर्यंत पोहोचली. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी भांडवलापेक्षा श्रमाला अग्रमान आहे असे निक्षून शिकवले. त्यांनाही ही सूचना कळवायला हवी होती.

आता उरला 'आपले मृत' हा मुद्दा. त्या ४६ जणांपैकी कॅथोलिक कोण होते, कोण मुसलमान, कोण ऑर्थोडॉक्स, याची मी चौकशी केलेली नाही. कारागांडात २०१२ साली अभिषिक्त झालेले फातिमामातेचे कॅथेड्रल छावणीच्या सर्व बळींच्या स्मरणार्थ उभे आहे. तेथेही दारात कोणी कोणाचे दाखले तपासत नाही. गृहस्थांना मी एवढेच सांगितले की, मृतांच्या यादीतून नाव काढण्याचा अर्ज आमच्या कचेरीत मिळत नाही. ते रागावले, दोन रविवार दुसऱ्या चर्चला गेले, मग आले. पुढच्या वर्षीच्या २ नोव्हेंबरलाही मी ती प्रार्थना केली. ते तिसऱ्या बाकावर होते.