विश्लेषण : एकच ‘म’, मग संगणकात त्याचे आकडे वेगळे कसे?

मजकुराचे हेक्साडेसिमल रूपांतर हा प्रोग्रॅमिंगमधला सुरुवातीचा धडा. इंग्रजीवर बिनचूक चालणारा हा कोड मराठी मजकूर समोर येताच का अडखळतो?

मराठी बातमीचा दुवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की अनेकदा त्यात अक्षरांऐवजी टक्क्याची चिन्हे आणि आकड्यांची लांबलचक रांग दिसते. दुवा बिघडला, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ते मराठीच असते. हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे ‘हेक्स’मध्ये लिहिलेले.

हेक्स कशासाठी?

दशमान पद्धतीत दहा अंक, हेक्समध्ये सोळा. नऊनंतर १० ते १५ साठी इंग्रजीतील ए ते एफ ही अक्षरे वापरतात. एका बाइटमध्ये ० ते २५५ अशा २५६ किमती मावतात आणि सोळा गुणिले सोळाही २५६च. त्यामुळे कोणताही बाइट नेमक्या दोन हेक्स अंकांत लिहिता येतो. सोय एवढीच. ही सांकेतिक कुलूपबंदी नव्हे. पासवर्ड हेक्समध्ये साठवून तो सुरक्षित झाला असे मानणे म्हणजे कुलूप न लावता दारावर पडदा सोडणे.

मराठीत अडते कुठे?

‘मजकूर हेक्समध्ये बदला’ ही सूचनाच अपुरी आहे. हेक्स बाइटचे होते, अक्षराचे नाही. अक्षराचे बाइट कोणत्या पद्धतीने करायचे, हे आधी ठरवावे लागते. युनिकोडमध्ये ‘म’चा क्रमांक ०९२ई. जावास्क्रिप्टमध्ये अक्षराचा क्रमांक घेऊन थेट हेक्स काढले तर ‘९२ई’ मिळते, पुढचे शून्य गळते. पायथॉनमध्ये यूटीएफ-८ पद्धतीने बाइट करून हेक्स काढले तर ‘ई०ए४एई’ असे तीन बाइट येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर; पण एका यंत्रणेने पाठवलेले दुसरीला वाचता येणार नाही. इंग्रजी ‘ए’चे उत्तर मात्र दोन्हीकडे ४१च येते, त्यामुळे इंग्रजीवर चाचणी घेणाऱ्याला फरक कळतच नाही.

जावातील चूक आणखी फसवी. तेथे बाइटची किंमत उणे १२८ ते अधिक १२७ धरली जाते. ‘म’चा पहिला बाइट ई०, म्हणजे २२४, जावाला उणे ३२ वाटतो. तो पूर्णांक म्हणून थेट हेक्समध्ये छापला तर दोन अंकांऐवजी आठ उमटतात : ‘एफएफएफएफएफएफई०’. इंग्रजी अक्षरे १२७च्या आतच असल्याने हा दोष झाकलेला राहतो. छापण्यापूर्वी किंमत २५५ने ‘अँड’ केली की प्रश्न सुटतो. जावाच्या १७व्या आवृत्तीपासून (२०२१) ‘हेक्सफॉरमॅट’ ही तयार सोयही आहे. तरीही इंटरनेटवरून उचललेला जुना तुकडा तसाच डकवण्याची सवय काही जात नाही.

‘कऱ्हाड’ शोधूनही का सापडत नाही?

यातील ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो : ०९३१ हे एकच चिन्ह, किंवा साधा ‘र’ (०९३०) आणि त्यापुढे नुक्ता (०९३सी). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसू शकतात, पण यूटीएफ-८मध्ये पहिल्याचे तीन बाइट होतात, दुसऱ्याचे सहा. बाइटनिहाय तुलना करणाऱ्या प्रणालीला हे दोन वेगळे शब्द वाटतात. मग यादीत गाव असते, अर्जात गाव असते आणि जुळणी मात्र होत नाही. अर्जदाराने स्पेलिंग तपासून उपयोग नसतो, कारण चूक डोळ्यांना दिसतच नाही. दोन्ही शब्दांचे हेक्स शेजारी ठेवले की ती लगेच सापडते. तुलनेपूर्वी मजकूर युनिकोडच्या ‘एनएफसी’ या प्रमाणरूपात आणला तर दोन्ही ‘ऱ’ ०९३१ होतात. बहुतेक प्रचलित भाषांत त्यासाठी एखादी ओळ पुरते, आणि हेक्स काढायचे असेल तर ती ओळ त्याआधी यायला हवी.