नोंदवहीत न मावणारे जनावर

मधली सुट्टी संपून आम्ही नववीच्या वर्गात शिरलो, तर मागच्या बाकावर मोबाइल लपवण्याची घाई चाललेली. काढून घेतला. पाहतो तर आफ्रिकेतल्या मोटार शर्यतीची चित्रफीत. धुळीचा लोट उडवत गाडी येते आणि समोरून झेब्र्यांचा कळप रस्ता ओलांडतो. "सर, झेब्रा क्रॉसिंग!" एकजण म्हणाला. विनोद चांगला होता, आम्हीही हसलो. आमचा तास भाषेचा; पण त्या दिवशी धडा बाजूलाच राहिला.

ही केनियातली सफारी रॅली. इंग्लंडच्या राणीच्या राज्याभिषेकानिमित्त १९५३ साली सुरू झाली, तेव्हा मार्ग केनिया, युगांडा आणि टांगानिका अशा तीन मुलखांतून जाई. 'सफर' हा आपल्या घरातला शब्द, तोच अरबीतून स्वाहिलीत जाऊन 'सफारी' झाला, हे सांगितल्यावर उर्दूवाली पोरे जरा सावरून बसली. या शर्यतीत जोगिंदर सिंग १९६५, १९७४ आणि १९७६ असे तीनदा जिंकले. त्यांचा जन्म केनियातलाच. शेखर मेहता तर पाचदा जिंकले. इदी अमीनने १९७२ मध्ये आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, त्यात तेही केनियाला आलेले.

रॅलीत गोल ट्रॅक नसतो. एकेक गाडी काही मिनिटांच्या अंतराने सुटते आणि शर्यत घड्याळाशी असते. चालकाशेजारी एक साथीदार बसतो. आधी तोच रस्ता हळू फिरून दोघांनी वही तयार केलेली असते: वळण किती तीव्र, पुढचे वळण किती मीटरवर, कुठे दगड, कुठे ओढा. शर्यतीत साथीदार वही वाचत जातो आणि चालक त्या आवाजावर भरवसा ठेवून, न दिसणाऱ्या वळणातही वेग कमी करत नाही. वहीत सगळे मावते. मावत नाही ते जनावर. कालच्या फेरीत ते तिथे नव्हते, आज आहे.

जुन्या काळी ही शर्यत ५,००० किलोमीटरच्या घरात असे, रात्रंदिवस चाले, आणि रस्ते बंदही नसत. मालट्रक, बस, गुरे हाकणारी पोरे, हरणे, जिराफ सगळे त्याच वाटेवर. त्यात पावसाळ्याचा चिखल. १९६३ आणि १९६८ साली शेवटपर्यंत फक्त सात सात गाड्या पोहोचल्या. म्हणून सफारीच्या गाड्या वेगळ्याच दिसत: पुढे लोखंडी नळ्यांचा मजबूत सांगाडा, जादा दिवे, ओढ्यात इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून वर नेलेली हवेची नळी. पुढे श्रीमंत संघांनी हेलिकॉप्टर आणले. ते गाडीच्या पुढे उडायचे आणि वरचा माणूस रेडिओवर सांगायचा, डावीकडून गुरे येताहेत, सांभाळा. पदरच्या पैशाने उतरलेल्या चालकाला हे कुठून परवडणार? आणि त्या घरघरीने बुजून एखादे जनावर उलट रस्त्यावरच येत नसेल का, ही शंका आम्हाला अजूनही आहे.

लोखंडी सांगाडाही सगळीकडे कामाचा नाही. जिराफ किंवा स्वीडनकडचा मूस घ्या. पाय लांब, धड उंच. गाडी पायांना धडकते आणि शेकडो किलोंचे धड थेट काचेवर येते. ऑस्ट्रेलियात कांगारूची वेगळीच तऱ्हा. संध्याकाळी आणि पहाटे तो जास्त हिंडतो, आणि पुढची उडी कुठे मारील याचा नेम नाही. रात्री तर पुष्कळ जनावरे दिव्याने दिपून जागच्या जागी उभी राहतात. आपण म्हणतो मूर्खपणा. पण तो प्रकाश काय आहे, हे त्यांना कोणी शिकवले होते?

२००२ नंतर सफारी रॅली जागतिक मालिकेतून गेली, ती २०२१ मध्ये परतली. आता तिचे ठाणे नैवाशा. २०२१ मध्ये शर्यतीचे अंतर सुमारे ३२० किलोमीटर होते; शर्यतीचे तेवढे तुकडे रहदारीला बंद. पण टप्पे एल्मेंटेटा सरोवराकाठच्या सोयसांबूच्या राखीव रानातून आणि हेल्स गेट राष्ट्रीय उद्यानातूनही जातात. फाटक लावले म्हणून झेब्र्याला ते कळत नाही. खेळ आपला, घर त्याचे. बंदी घाला असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या भागात पाहुण्यांवर अनेकांची चूल पेटते. तरी धडक झाली की बातमीत गाडीचे किती नुकसान झाले ते येते, जनावराचे पुढे काय झाले ते शोधावे लागते. हे आम्हाला खटकते.

मग फळ्यावर हिशोब मांडला. ताशी १०८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३० मीटर. जनावर दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद. पोरांना पटेना. सगळा वर्ग मैदानात नेला, टेपने ३० मीटर मोजले. विनोद करणाऱ्यालाच पलीकडे झेब्रा म्हणून उभा केला. तो झेंड्याच्या कट्ट्यापाशी उभा राहिला, आम्ही फाटकाशी. एवढ्या अंतरात ब्रेकला अजून पायच लागलेला नाही, म्हटल्यावर पोरे गप्प झाली.

परतताना मोबाइलचा मालक आमच्या शेजारून चालत होता. हळूच म्हणाला, "सर, आमच्या भाईजानची बाईक ८० ने जाते. तिचे किती?"

"साधारण २२."

तो मागे फिरला, टेप उचलला आणि एकटाच मोजू लागला.