वीस माणसांचा हिशेब



आज पिकांचे थोडे बाजूला ठेवतो. 2020 च्या मे महिन्यात सरकारी नियम आला : लग्नाला 50 माणसे, मातीला 20. त्या दिवसांत शिरूर तालुक्यातल्या एका मळ्यात मातीला गेलो होतो. वीस मोजून झाली, तेव्हा दौंडहून आलेले सख्खे भाचे आपणहून बांधापलीकडे थांबले. कुणी कुरकुर केली नाही.

पुढे 19 जून 2021 ला पुण्यात राष्ट्रवादीच्या कार्यालयाचे उद्घाटन झाले. उद्घाटक अजितदादा पवार, तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि आपले पालकमंत्री. जिल्ह्याचे निर्बंध सांगणारेही तेच. गर्दी लोटली. दादांनी दिलगिरी व्यक्त केली, शहराध्यक्षांवर गुन्हाही नोंदला गेला. विलायतेत तर 2022 साली पोलिसांनी खुद्द पंतप्रधान जॉन्सन यांना दंड केला.

आपणही काही सोवळे नव्हतो. हळदीला पन्नासात कोण थांबले? पण हळदीचा यजमान नियम काढत नाही.

त्या जूनअखेर त्याच मळ्यात बाजरीची बीजप्रक्रिया दाखवायला गेलो. मास्क लावा, म्हणालो. वहिनी म्हणाल्या, "साहेब, पुण्यात माणसं कुणी मोजली?"

मला उत्तर सुचले नाही. मान खाली घालून मिठाच्या पाण्यात बी ओतत राहिलो.