मुलगी आपोआप घडत नाही

बीड जिल्ह्यातल्या मांजरसुंब्याच्या चौकातून एक रस्ता सोलापूरकडे जातो, एक पाटोद्याकडे, एक केज-अंबाजोगाईकडे. दसरा झाला की या भागातले कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. पाळीमुळे खाडा पडला तर पैसे कापले जातात. त्यात साध्या तक्रारीला कॅन्सरची भीती घातली जाते, आणि ऐन तरुण बायका गर्भाशयाची पिशवी काढून मोकळ्या होतात. जून २०१९मध्ये सरकारनेच विधिमंडळात सांगितलं, बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशयं काढली गेली. याच जिल्ह्यात २०११च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या.

बाईला कमी लेखणाऱ्या या आकड्यांमागे एक समजूत आहे: मुलगा घडावा लागतो, मुलगी नुसती उरते. ती फक्त घराघरांत नव्हती. प्रयोगशाळेतही ती होती. १९४७मध्ये आल्फ्रेद जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने सशाच्या गर्भातल्या जननग्रंथी काढल्या, तर सगळ्या पिल्लांत मादीच्याच नलिका वाढल्या. प्रयोग चोख होता. पण त्यावरून पाठ्यपुस्तकांनी मादी हा आपोआप होणारा साचा ठरवला. १९९१मध्ये लंडनमध्ये उंदराच्या मादी गर्भात ‘एसआरवाय’ हे वाय गुणसूत्रावरचं एकच जनुक घातलं आणि उंदीर नर झाला. कौतुक त्याच जनुकाचं झालं.

उंदराचा गर्भ जेमतेम वीस दिवसांचा. साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास नर गर्भात एसआरवाय जागं होतं, ‘सॉक्स९’ या जनुकाला उठवतं, आणि दोन दिवसांत त्याचं काम संपतं. मादीच्या गर्भात तेव्हा सामसूम असते का? मुळीच नाही. ‘डब्ल्यूएनटी४’ हे जनुक बंद केलेल्या माद्यांना गर्भाशयाची मूळ नलिकाच फुटली नाही, आणि त्यांचं अंडाशय नराचं संप्रेरक बनवू लागलं, हे १९९९मध्ये दिसलं. सुरुवातीला प्रत्येक गर्भात नराची आणि मादीची अशा दोन्ही नलिका असतात. मादीतली नराची नलिका आपसूक विरत नाही, तीही एका जनुकाच्या हुकमाने मोडली जाते, हे कळायला २०१७ उजाडलं. मला सर्वांत थक्क करतो तो २००९चा प्रयोग. पूर्ण वाढलेल्या मादीत ‘फॉक्सएल२’ हे जनुक बंद केलं, तर अंडाशयातल्या पेशी वृषणातल्या पेशींसारख्या होऊ लागल्या. म्हणजे अंडाशय हे अंडाशय म्हणून टिकायलाही जनुकांना जन्मभर राबावं लागतं.

माणसातही मुलग्याचं वाय गुणसूत्र बापाकडूनच येतं. तरी मुलगी झाली की बोल सुनेलाच.

हे सारं हंगामाआधीच्या आरोग्य तपासणीत आशाताईंनी बायकांना, आणि त्यांच्या नवऱ्यांनाही, सांगितलं पाहिजे. मात्र ज्ञानाने मजुरी भरून निघत नाही. पाळीच्या दिवसांतला खाडा कापायचा नाही, ही अट उचल देतानाच कारखान्याने मुकादमावर घालावी, आणि ती पाळली जाते का हे कामगार खात्याने फडात जाऊन पाहावं.